बशीमास्तर

भूमच्या एखाद्या हॉटेलात (आमच्याकडे चार बाकडी आणि एक स्टोव्ह असला तरी हॉटेलच म्हणतात) टेबलावर पाच रिकाम्या बशा ओळीनं मांडलेल्या दिसल्या, कपांचा पत्ता नाही, आणि समोर पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ कानावर पेन्सिल ठेवून बशांकडे टक लावून बसलेला दिसला, तर समजावं की बशीमास्तरांचा कारखाना चालू आहे. हॉटेलवाला सुरुवातीला बशा मोजून द्यायचा आणि मोजून परत घ्यायचा. आता मास्तर दारात दिसले की तोच विचारतो, "मास्तर, आज किती संस्था मांडायच्या?"

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. त्यांनी पोरांना पाढे शिकवले नाहीत की गावाला ड्रिल. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं 'प्लॅनिंग'ला काढून ते गावी परतले. प्लॅनिंग म्हणजे काय, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. "एक गाडी तयार करायला शंभर कारखाने लागतात. एकजण काच देतो, एकजण सीट, एकजण नट. नव्व्याण्णवांनी वेळेत दिलं आणि एकाचं वायसर राहिलं की लाइन बंद. त्या वायसरवाल्याला फोन करणारा माणूस म्हणजे मी." तीस वर्षं फोनवर "निघालाय, निघालाय" ऐकून त्यांच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली. कुठलंही काम, ज्यात एकापेक्षा जास्त घरं गुंतलेली आहेत, ते आधी टेबलावर करून पाहायचं. नाटकवाले ज्याला रंगीत तालीम म्हणतात, ती.

गावोगाव अशी माणसं असतात. कुणी घर बांधायच्या आधी अंगणात चुन्यानं खोल्या आखून महिनाभर त्या रेघांतून चालून बघतो, कुणी काशीला निघण्याआधी पिशवी भरून पाठीला लावून गावाला दोन चकरा मारतो. बशीमास्तर त्याच जातीचे, फक्त त्यांचा आवाका मोठा.

मुलीच्या लग्नाआधी त्यांनी पंगतीची तालीम घेतली होती. कॅरमबोर्डावर ज्वारीचे दाणे म्हणजे वऱ्हाड, तुरीचे म्हणजे भाऊबंद, करडईचे म्हणजे रुसणारे. किती वाढपी, किती पंगती, पाण्याचा टँकर कुठं उभा करायचा, सगळं दाण्यांवर ठरलं. तिसऱ्या पंगतीला मास्तर लघवीला उठले आणि तेवढ्यात कोंबडी बोर्डावर चढून वरपक्ष खाऊन गेली. पुन्हा मांडणी झाली. रुसायला तीन जावई धरले होते. प्रत्यक्ष लग्नात जावई शहाण्यासारखे जेवले आणि रुसला बँडवाला. काकू आजही सांगतात, "यांनी तालमीत लगीन लावलं, खरं लगीन मी उरकलं."

पण मास्तरांचं खरं वेड खव्याचं. त्याला कारणही आहे.

भूम, वाशी, परंडा, कळंब हा बालाघाटाच्या कुशीतला कोरडवाहू मुलूख. पावसाचा भरवसा नाही, म्हणून दावणीला म्हैस. दूध रोज निघतं, पण दूध लांब जाईपर्यंत नासतं. मग त्याला आटवायचं. म्हशीचं साधारण पाच लिटर दूध कढईत घालून सतत उलथण्यानं ढवळत राहिलं की तळाशी एक किलोभर खवा उरतो. खवा म्हणजे प्रवासाला तयार केलेलं दूध. गावोगाव भट्ट्या झाल्या, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या सरमकुंडी फाट्याला पेढ्यांची दुकानं झाली, खवा हैदराबादपर्यंत जाऊ लागला. कुलभूषण-देशभूषण मुनींच्या कुंथलगिरीचं नाव या खव्याला चिकटलं आणि 2024 मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता या एक किलो खव्यात किती घरं आहेत ते मोजा. म्हैसवाला, संकलन केंद्रवाला, जळणवाला, भट्टीवाला, टेम्पोवाला, व्यापारी, मिठाईवाला. सातही स्वतंत्र. कुणी कुणाचा नोकर नाही, कुणी कुणाचा साहेब नाही, आणि सगळ्यांचे एकमेकांशी थोडे पैसे अडकलेले. "पुण्यात मला शंभर कंपन्या जुळवायला कागद होते, करार होते, दंड होता," मास्तर म्हणतात. "हितं फक्त 'काय राव तात्या' एवढंच हत्यार."

पुण्यातल्या एका दोन दिवसांच्या शिबिरात त्यांना एक खेळ शिकवला होता. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर नावाच्या प्राध्यापकाच्या मंडळींनी 1960 च्या सुमारास तो काढला. नाव 'बिअर गेम'. चार खेळाडू: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि बिअरचा कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त मागणीची चिठ्ठी पुढं सरकवायची. चिठ्ठी पोचायला वेळ, माल यायला वेळ. माल पडून राहिला तर भुर्दंड, कमी पडला तर त्याच्या दुप्पट. बस, एवढंच.

मास्तरांनी हा खेळ भूमात खेळायचं ठरवलं आणि हॉटेलच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: 'शनिवारी संध्याकाळी सात वाजता बिअरचा खेळ. प्रवेश मोफत.' इतकी गर्दी त्या हॉटेलनं पोळ्यालाही पाहिली नव्हती. चार गावांतली माणसं आली. दोघंजण शेंगदाणे घेऊन आले. मास्तरांनी बशा मांडून मागणी-पुरवठ्यावर बोलायला सुरुवात केल्यावर पंधरा मिनिटं लोकांनी भक्तिभावानं ऐकलं. मग मागून एक आवाज आला, "मास्तर, त्ये समदं खरं, पर बाटल्या कुठं हायत?" खरं उत्तर कळल्यावर हॉल रिकामा झाला. शेंगदाणे तेवढे मागं राहिले.

पुढच्या शनिवारी फळ्यावर 'खव्याचा खेळ' असं लिहिलं. आले पाच. मी त्यातला एक.

मला हैदराबादचा मिठाईवाला केलं. सोलापूरला खवा घालणारा एक भाऊ व्यापारी झाला. भट्टीवाले तात्या भट्टीवालेच राहिले, कारण दुसरं काही व्हायला ते तयार नव्हते. संकलन केंद्राचा पोरगा केंद्रावर बसला. पाचवी बशी म्हशीची, तिच्यापाशी टेम्पोवाला मामा बसले, म्हणाले, "निदान हिला तरी रस्ता लागत न्हाई." काडेपेटीतली एक काडी म्हणजे दहा किलो खवा, म्हणजेच पन्नास लिटर दूध. बिअर महिनोन्‌महिने टिकते, खवा टिकत नाही. म्हणून मास्तरांनी अमेरिकेच्या नियमाला भूमची दुरुस्ती केली होती. चार डाव बशीत पडून राहिलेली काडी पेटवून टाकायची.

गिऱ्हाइकाची मागणी मास्तरांच्या वहीत लपवलेली. दर डावाला ते मला एक चिठ्ठी देत. पहिले चार डाव चार-चार काड्या. सगळं सुरळीत. तात्या बिडी ओढत म्हणाले, "ह्यात काय शिकायचंय?" पाचव्या डावाला चिठ्ठी आली: आठ.

माझ्या बशीत तेवढ्या नव्हत्या. मी मनात म्हटलं, सण आला वाटतं. व्यापाऱ्याकडं आठच्या जागी बारा मागितल्या, हाताशी असाव्यात म्हणून. व्यापाऱ्याला वाटलं, हैदराबाद पेटलं. त्यानं तात्यांकडं वीस मागितल्या. माल काही लगेच येईना, कारण चिठ्ठीला दोन डाव आणि मालाला दोन डाव. मी घाबरून पुन्हा बारा मागितल्या, मग सोळा. तात्यांनी केंद्राकडं चाळीस काड्यांची चिठ्ठी लावली. चाळीस काड्या म्हणजे चारशे किलो खवा, दोन हजार लिटर दूध. मामांनी ती चिठ्ठी म्हशीच्या बशीसमोर धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, वाच. आता तूच काय त्ये बघ."

मास्तरांनी हॉटेलवाल्याकडून नवी काडेपेटी मागवली. तेवढ्यात एका अनोळखी प्रवाशानं, बशा मोकळ्या आहेत असं समजून, माझ्या बशीत चहा ओतून फुर्र केला. मास्तर ओरडले, "अहो, हैदराबाद बुडवलंत!" तो बिचारा चहा टाकून पळाला. मी काड्या पुसून वाळत घातल्या आणि खेळ पुढं चालला.

बाराव्या डावाला माल यायला लागला. आला तो थांबेचना. ज्या काड्यांसाठी आम्ही भांडलो त्या सगळ्या एकदम बशीत येऊन पडल्या. मागणी मात्र तीच, आठ. मी चिठ्ठी पाठवली: शून्य. व्यापाऱ्यानं पाठवली: शून्य. तात्यांच्या बशीत काड्यांचा ढीग झाला आणि चार डाव उलटल्यावर मास्तरांनी त्या एकेक पेटवायला घेतल्या. तात्या बघत राहिले. पन्नास काड्या जळाल्या. टेबलावर गंधकाचा वास. तात्यांचा चेहरा खरी भट्टी जळाल्यासारखा झाला होता. ते उसळले, "ह्या हैदराबादवाल्यानं वाटूळं केलं. कवा बारा, कवा सोळा, कवा शून्य. गिऱ्हाईकच येडं हाय!"

व्यापारी म्हणाला, खरंय. केंद्रावरचा पोरगा म्हणाला, खरंय. मीही म्हणालो, गिऱ्हाईकच येडं.

मास्तरांनी वही उघडून टेबलावर ठेवली. चार, चार, चार, चार. मग आठ, आठ, आठ, आठ, शेवटपर्यंत आठ. गिऱ्हाईक अख्ख्या खेळात एकदाच बदललं होतं. तात्यांनी वही जवळ ओढली, बोट फिरवलं, उलटून मागचं पानही बघितलं. मग हळू म्हणाले, "मंजी गिऱ्हाईक सरळ हुतं. वाकडं आपुनच."

मास्तरांच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण. जगभर हा खेळ खेळणाऱ्यांचं शेवटी हेच होतं, हे ते सांगतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला बाळांच्या लंगोटांच्या बाबतीत हाच अनुभव आला. पोरं रोज तेवढीच ओली करतात, तरी कारखान्याकडं येणारी मागणी उड्या मारते. तिकडं या रोगाला चाबकाचं नाव दिलंय. मास्तर चाबूक म्हणत नाहीत. "पोतराजाचा कोरडा बघितलाय ना? मनगट चार बोटं हलतं आणि टोक दहा फुटांवर कडाडतं. आणि पोतराज मारतो कुणाला? सोताला."

यश माणसाला बिघडवतं. पुढच्या महिन्यात मास्तरांनी खेळ सोडून खऱ्या साखळीचीच नक्कल मांडायला घेतली. त्यांचा पुतण्या संगणक शिकतो. त्याच्याकडून त्यांनी ऐकलं की मोठे कारखाने आता अख्ख्या उत्पादनाचं जुळं भावंड संगणकात उभं करतात आणि आधी त्याच्यावर प्रयोग करतात. पण संगणकावर मास्तरांचा भरवसा नाही. त्यासाठी त्यांच्यापाशी एअरबसचा दाखला तयार असतो. ए-380 हे अवाढव्य विमान युरोपातल्या चार देशांत तुकड्या-तुकड्यांनी बनत होतं. जर्मनी-स्पेनवाले आराखड्याच्या संगणकप्रणालीची जुनी आवृत्ती वापरत होते, फ्रान्स-ब्रिटनवाले नवी. हॅम्बुर्गहून आलेल्या वायरी तूलूजला बसवायला घेतल्या तर तोकड्या पडल्या. 2006 मध्ये हे उघड झालं आणि विमानं गिऱ्हाइकांच्या हाती पडायला दोनेक वर्षं उशीर झाला. "एवढे शिकलेले लोक," मास्तर म्हणतात, "पण तुझा कॅन आणि माझा कॅन एक आहे का, हे कुणी विचारलंच नाही."

कॅनचं उदाहरण त्यांचं स्वतःचं. एका गावात 'कॅन भरला' म्हणजे गळ्यापर्यंत, दुसऱ्या गावात म्हणजे काठापर्यंत. चाळीस लिटरच्या कॅनमागं जो फरक पडतो, त्यावरून दोन गावांत सोयरिकी मोडल्याचं त्यांचं म्हणणं आहे. म्हणून त्यांनी आधी शब्द जुळवायला घेतले. एका जाड वहीत 'बोललेलं' आणि 'धरायचं' असे दोन रकाने आखले. त्यातल्या काही नोंदी मी उतरवून घेतल्यात.

'निघालो' म्हणजे अंघोळ चालू आहे. 'पोचलोच' म्हणजे निघालो. 'पाच मिनिटं' म्हणजे चाळीस, पावसाळ्यात साठ. 'दूध तयार हाय' म्हणजे म्हैस अजून पान्हवायची आहे. 'गाडी भरायलीय' म्हणजे ड्रायव्हर झोपलाय. 'बघतो' म्हणजे नाही. 'बघतो की' म्हणजे अजिबात नाही. 'पैसे सोमवारी' यापुढं सोमवारची तारीख लिहिलेली नाही, फक्त एक लांब रेघ आहे.

हा कोश घेऊन त्यांनी साखळीची वेळ पुन्हा मांडली. पुतण्यानं हिशेब करून सांगितलं की या आकड्यांनुसार खवा हैदराबादला पोचूच शकत नाही. मास्तर म्हणाले, "पण रोज पोचतो ना? मग जे पोचवतंय ते अजून आपल्या वहीत आलेलं नाही." हे वाक्य मला त्यांच्या सगळ्या बशांपेक्षा मोलाचं वाटतं.

दिवाळीच्या आधी त्यांनी पाचही जणांना एका गोष्टीवर राजी केलं. मिठाईच्या दुकानात रोज खरोखर किती खवा खपला, तो आकडा संध्याकाळी सगळ्यांना कळवायचा. मधल्या कुणी स्वतःची भीती त्यात मिसळायची नाही. त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. पहिल्या दिवशी आकडा आला. दुसऱ्या दिवशी आकडा आणि त्यापाठोपाठ 'शुभ सकाळ'चं गुलाबाचं फूल. चौथ्या दिवशी वाढदिवसाचं बॅनर, मग उस्मानाबादी बोकड विकणे आहे, फोटोसह. बोकडाला चौकशा सतरा आल्या. आकडा कुठंतरी वर सरकून गेला.

आणि मग खरी अडचण उघडी पडली. कुणीतरी शेजारच्या भट्टीवाल्यालाही ग्रुपात घेतलं होतं. त्या दिवसापासून तात्या आपला आकडा निम्मा सांगू लागले. शेजारच्यानं तो वाचला, तात्यांचं मंदीत आहे असं समजून खूश झाला आणि आपला आकडा दुप्पट सांगू लागला. केंद्रावरच्या पोराला दोन्ही खरे वाटले.

मास्तर दोन दिवस हॉटेलात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि हॉटेलवाल्याकडून सहावी बशी मागून घेतली. ती त्यांनी तात्यांच्या बशीशेजारी पालथी ठेवली. "ही शेजारची भट्टी," ते म्हणाले. "हिच्यात काय आहे ते कुणालाच दिसत नाही. अमेरिकावाल्यांनी सगळं धरलं, बघा. उशीर धरला, भीती धरली. भाऊबंद धरले नाहीत."

मग त्यांनी ग्रुप बंद केला आणि जुनाच मार्ग धरला. रोज संध्याकाळी सात वाजता स्वतः हैदराबादच्या मिठाईवाल्याला फोन. आकडा ऐकायचा, वहीत लिहायचा, आणि पाचही जणांना वेगवेगळा फोन करून तोच आकडा सांगायचा, कमी नाही की जास्त नाही. तीस वर्षं जे काम पगारावर केलं, तेच आता स्वतःच्या रिचार्जवर. काकू म्हणाल्या, "रिटायर झाले म्हणं."

त्या दिवाळीत तात्यांच्या भट्टीवर खवा उरला नाही आणि कमीही पडला नाही. मी अभिनंदन करायला गेलो तर तात्या कढईवरून उलथणं फिरवत, घाम पुसत म्हणाले, "येरमाळ्याच्या आई येडेश्वरीची कृपा." मास्तर शेजारी उभे होते. त्यांनी मान डोलावली, कानावरची पेन्सिल काढली आणि वहीच्या शेवटच्या पानावर नोंद केली: 'श्रेय – येरमाळा.' त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्या साखळीत एक कडी राहून गेली होती आणि ती सापडली, एवढंच समाधान होतं.

सातला फोन अजून चालू आहे. नवी तालीमही सुरू झाली आहे, ती तुळजापूरच्या नवरात्रातल्या पेढ्यांची. तिला अकरा बशा लागतात आणि हॉटेलवाल्याकडं नऊच आहेत, म्हणून दोन संस्था सध्या पेल्यात आहेत.

तेव्हा कधी भूमला आलात, कुंथलगिरीचं दर्शन घेतलंत, अर्धा किलो पेढे बांधून घेतलेत आणि चहाला टेकलात, तर एक विनंती. टेबलावर बशा ओळीनं मांडलेल्या दिसल्या तर चहा कपानंच प्या. तुम्ही उचलाल ती बशी हैदराबाद असू शकते.